नफा साडेसहा लाख, मग गल्ला रिकामा का?

बार्शीजवळच्या एका गावातून एका वाचकाचं पत्र आलंय. वय २८, पुण्यातली नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी वडिलांच्या कृषी सेवा केंद्रात बसायला लागलाय. थोडक्यात त्याचं म्हणणं असं: "ताई, सीएने ताळेबंद दिला, त्यात साडेसहा लाख नफा दाखवलाय आणि त्यावर टॅक्स भरायला सांगितलाय. पण बँकेत पैसा नाही, सीसी (बँकेचं कॅश क्रेडिट, मर्यादेपर्यंत लागेल तसं उचलायचं कर्ज) २५ लाखाची आहे ती पूर्ण वापरलेली, कंपन्यांचे २२ लाख द्यायचेत आणि त्यांचे माणसं रोज फोन करतात. आण्णा म्हणतात सीसी वाढवून ४० लाख करून घेऊ. मी म्हणतो उधारी बंद करू, त्यावरून घरात रोज भांडण. हा नफा आहे कुठे?" सोबत ताळेबंदाचा फोटो आणि ३१ मार्चच्या मालाच्या यादीची दोन पानं पाठवलीत.

वयाने माझ्या भाच्याएवढा आहेस म्हणून अरे-तुरेच करते.

तुझा प्रश्न एकदम बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर तू पाठवलेल्या फोटोतच आहे, फक्त ते नफा-तोटा पत्रकात नाही, ताळेबंदात आहे. दोन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघ. मालसाठा २४ लाखाचा ३६ लाख झाला, म्हणजे १२ लाख रॅकवर आणि गोडाऊनमधे जाऊन बसले. लोकांकडून येणं २९ लाखाचं ४१ लाख झालं, म्हणजे अजून १२ लाख वहीत अडकले. घरखर्चाला तुम्ही साडेतीन लाख उचललेत. एकूण साडेसत्तावीस लाख. आता हे आले कुठून, तर साडेसहा लाख नफ्याचे, कंपन्यांचं देणं १४ चं २२ झालं ते ८ लाख, आणि सीसी १२ वरून २५ वर गेली ते १३ लाख. बेरीज कर, साडेसत्तावीसच येते. म्हणजे नफा कुठं गायब झालेला नाही, तो औषधाच्या खोक्यात आणि लोकांच्या नावासमोर आहे, आणि तो तिथं बसवायला तुम्ही वर बँकेचे आणि कंपन्यांचे २१ लाख घातलेत. हे एक गणित आण्णांना कागदावर मांडून दाखव, भांडणाचा अर्धा जोर तिथंच कमी होईल कारण यात चूक कोणाची हा प्रश्नच येत नाही.

हिशोबाची रीतच अशी आहे की माल आणला की तो खर्च धरत नाहीत, विकला गेला की धरतात. वर्षाच्या शेवटी जो शिल्लक तो खर्चातून वजा होतो. आणि विक्री धरतात ती बिल फाडल्यावर, पैसे आल्यावर नाही. त्यामुळं शिल्लक माल एक लाखाने जास्त लिहिला की नफा बरोब्बर एक लाखाने वाढतो, काही न विकता. म्हणून मला तुझ्या ताळेबंदातल्या बाकी कुठल्याही आकड्यापेक्षा त्या ३६ लाखाची जास्त काळजी वाटते.

ती यादी मी नीट बघितली. पहिल्या पानावर मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची ४० पाकिटं, रेट ३०० आणि रक्कम १२ हजार. तूच पत्रात लिहिलंयस की हे पाकीट तुम्ही २६० ला विकता. मग ३०० काय आहे, तर पाकिटावर छापलेली एमआरपी. खरेदीचं बिल तू पाठवलंयस त्यात ते २१२ रुपये ४० पैशाला पडलंय, त्यात १८ टक्के जीएसटी आहे जो तुम्ही इनपुट क्रेडिटमधे घेतलेला आहे, म्हणजे विक्रीवर भरायच्या करातून वळता केलाय, तो काढला की राहतात १८० रुपये. म्हणजे मालसाठ्यात ही ४० पाकिटं ७,२०० ला यायला पाहिजेत, आली १२ हजाराला. एका ओळीत ४,८०० रुपयांचा नफा, जो कुणी कमावलाच नाही. अशा किती ओळी आहेत मला माहीत नाही, पण दुसऱ्या पानावर निम्म्याहून जास्त रेट गोल आकड्यात आहेत, २५०, ४००, ६००, खरेदीचे रेट असे गोल कधी नसतात.

नियम साधा आहे, माल खरेदीच्या किमतीला धरायचा (क्रेडिट घेतलेला जीएसटी वगळून, भाडं-हमाली धरून) आणि विकून त्यापेक्षा कमीच येणार असेल तर जे येईल त्या किमतीला. दोन्हीतलं जे कमी ते. मुदत संपलेल्या औषधाचे येणार शून्य, म्हणून ते शून्य. आणि तू म्हणतोस सीएने ऑडिट केलंय म्हणजे आकडा बरोबर असेल, तर तसं नसतं रे. रिपोर्ट उघडून बघ, मालसाठा मालकाने मोजून प्रमाणित केल्याप्रमाणे अशा अर्थाचं वाक्य बहुतेक कुठंतरी सापडेल. तुमच्यासारख्या दुकानात सीए येऊन खोकी मोजत नाही, तुम्ही सही करून दिलेला आकडा तो घेतो. ती सही आण्णांची आहे.

मग आता काय करायचं. लक्ष्मीपूजनाला वह्या मांडता ना तुम्ही, त्याच्या आधीचा एक रविवार धर आणि शटर अर्धं ओढून माल मोज. ही वेळ चांगली आहे कारण खरिपाची गर्दी ओसरलीये आणि हरभरा-ज्वारीचा माल अजून पूर्ण भरलेला नसतो. दोघंजण पाहिजेत, एक मोजणारा आणि एक लिहिणारा, आणि मोजणाऱ्याला कॉम्प्युटरमधला आकडा आधी सांगायचा नाही, नाहीतर तो तेवढाच मोजतो. प्रत्येक आयटमला बॅच नंबर, एक्सपायरी आणि शेवटचं खरेदी बिल. खताच्या पिशव्या पॉस मशीनमधल्या (खताची विक्री ज्यावर नोंदवता ते) शिल्लकेशी ताडून बघ, तिथं फरक असेल तर तो हिशोबाच्याही आधी लायसनचा प्रश्न आहे, तपासणीला आलेला इन्स्पेक्टर पहिलं तेच बघतो. मुदत संपलेली औषधं वेगळी काढून त्यावर विक्रीसाठी नाही असं लिहून बाजूला ठेवायची, हेही कायद्यातच आहे, चालू मालात ती मिसळलेली सापडली तर कोण ऐकून घेत नाही.

आता मोजणी आज केली तरी आपल्याला ३१ मार्चचा आकडा पाहिजे, तर उलटं जाता येतं. समजा आज माल निघाला २१ लाखाचा. एप्रिलपासून विक्री १ कोटी, ११ टक्के मार्जिन धरलं तर विकलेल्या मालाची खरेदी किंमत ८९ लाख. एप्रिलपासूनची खरेदी ८१ लाख. मग २१ अधिक ८९ वजा ८१, म्हणजे मार्चअखेर माल होता २९ लाखाचा, ३६ चा नाही. हे आकडे मी समजायला घेतलेत, तुझे तू घाल. पण खरंच २९ निघाला तर ७ लाखाचा फरक आहे आणि साडेसहा लाख नफ्याच्या जागी ५० हजार तोटा उभा राहतो. घाबरू नको, तो सगळा खड्डा एका वर्षाचा नसतो, ओपनिंगचे, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीच्या मालाचे, २४ लाखही असेच फुगलेले असणार आणि दरवर्षी थोडंथोडं पुढं ढकलत आलेलं असणार. पण टॅक्स तुम्ही दरवर्षी भरत आलात त्यावर. मोजणीचा कागद घेऊन सीएकडे जा, मागचं काय करता येतं ते तो सांगेल, आणि इथून पुढं दर ३१ मार्चला मोजूनच आकडा द्यायचा.

मार्चचं अजून एक आहे. तुमच्या धंद्यात कंपनीवाले मार्चमधे बिलिंग करायला मागं लागतात, टार्गेट त्यांचं आणि माल तुमच्याकडं. बिल ३० मार्चचं आणि ट्रक आला ३ एप्रिलला असं होतं का बघ. बिल खरेदीत धरलं आणि माल मोजणीत नाही आला तर नफा तेवढा कमी दिसतो, आणि उलटं म्हणजे माल मोजला आणि बिल पुढच्या वर्षात टाकलं तर नफा फुगतो. शेवटच्या आठवड्यातली बिलं आणि गेटवरच्या पावत्या समोरासमोर ठेवायच्या, अर्ध्या तासाचं काम आहे.

माल वाढला का हेही शोध. तुझ्या यादीत टॉनिकं, ह्युमिक, पीजीआर अशा पीकवाढीच्या मालाचीच साडेपाच लाखाची रक्कम आहे. पत्रात तू सहज लिहिलंयस की आण्णा मागच्या वर्षी स्कीममधे परदेश ट्रिपला जाऊन आले, मला ते वाचून त्यांच्यासाठी बरं वाटलं, आयुष्यभर काउंटरला उभा राहिलेला माणूस. पण त्या स्कीमचं टार्गेट पूर्ण करायला उचललेला माल अजून रॅकवर असेल तर त्या ट्रिपचं तिकीट तुमच्याच सीसीतून निघालंय. बहुतेक औषधांची मुदत दोन वर्षांची असते, त्यातलं एक वर्ष गेलं. आत्ता, मुदत शिल्लक असताना, कंपनीच्या माणसाला बोलावून सेल्स रिटर्न मागा, पूर्ण नाही तर निम्मा, नाही तर बदलून चालता माल. परत गेला तर क्रेडिट नोट मिळते, जीएसटीही जागेवर येतो. ठेवून ठेवून एक्सपायर झाला आणि फेकला तर माल तर गेलाच, वर त्याचं घेतलेलं इनपुट क्रेडिटही रिव्हर्स करावं लागतं. बियाण्याचं तर अजून लवकर, हंगाम संपायच्या आतच परत द्यायला लागतं ते तुला माहितीच आहे.

आता उधारी. इथं मी तुझ्या बाजूची पूर्ण नाही हे आधीच सांगते. "उधारी बंद" म्हणणं सोपं आहे पण सोलापूर जिल्ह्यात जूनमधे पेरणीच्या तोंडावर किती घरात रोख असते? शेतकऱ्याचा पैसा पिकाबरोबर येतो, आणि त्या गावात आण्णांचं नाव आहे ते अडीनडीच्या वेळी त्यांनी पिशवी दिली म्हणूनच आहे. तो धंद्याचा पाया आहे, तो काढू नको. पण कोणाला, किती, कधीपर्यंत आणि त्याची आपल्याला काय किंमत पडते हे मात्र लिहिलेलं पाहिजे, आणि आज ते फक्त आण्णांच्या डोक्यात आहे.

पुस्तकात उधारीचं वय ३० दिवस, ६० दिवस, ९० दिवस असं लावतात. तुमच्याकडं त्याचा काही उपयोग नाही, जूनचं बिल नोव्हेंबरला आलं तर ते वेळेवरच आलं. तू वय हंगामाने लाव. वहीतलं प्रत्येक नाव घे आणि त्यासमोर पीक लिही. सोयाबीनवाला असेल तर त्याचं येणं आत्ता, काढणी झाली की. कांदा असेल तर कधी विकणार ते विचार. ऊस असेल तर कारखान्याच्या बिलावर, कायद्याने ऊस गेल्यापासून १४ दिवसात पैसे द्यायचे असतात पण प्रत्यक्षात कारखाने लांबवतात, तेवढं धरून चाल. मग चार रकाने कर: या खरिपाचं, गेल्या रब्बीचं, गेल्या खरिपाचं, आणि त्याच्या मागचं. पहिल्या रकान्यातली रक्कम मोठी असली तरी झोप लागू दे. तिसरा आणि चौथा रकाना ज्याचं पीक दोनदा निघालं आणि पैसे आले नाहीत त्यांचा आहे, तिथंच खरं दुखणं सापडेल.

हे करताना वहीतली नावं सरळ कर. मी २२ वर्षं दुकानांचे हिशोब लिहितेय, एका अडत-औषधाच्या दुकानात मालकाला हार्टचा त्रास झाला आणि मुलगा वही घेऊन माझ्याकडं आला होता. त्यात "तात्या विहीरवाले ४६,०००" अशी ओळ. त्या गावात विहीरवाले तात्या तीन निघाले, तिघांनीही आपलं नाही म्हणून सांगितलं, आणि मालक दवाखान्यात, बोलायच्या स्थितीत नाहीत. तो मुलगा खाली मान घालून ती वही बंद करून बसला होता, ते मला अजून आठवतं. म्हणून आण्णा समोर बसलेले असताना, चहा घेत घेत, एकेक नाव विचारून पूर्ण नाव, गाव आणि मोबाईल लिहून घे. ३१० नावं आहेत म्हणतोस, रोज २० केली तर दोन-अडीच आठवड्यात होतात.

जमेची बाजूही तपास. पैसे कधी दुकानात येतात, कधी जत्रेत भेटले तिथं हातात, आणि आता क्यूआर कोड आण्णांच्या सेव्हिंग खात्याचा लावलाय म्हणतोस तर कितीतरी जमा वहीत आलीच नसणार. एखाद्याने पाच हजार पाठवलेत आणि आपण त्याला पूर्ण बाकी सांगितली की तो दुखावतो आणि मग उरलेलंही देत नाही, आणि त्याचं चुकतंय असं मला वाटत नाही. आधी सेव्हिंग खात्याचं वर्षभराचं स्टेटमेंट काढून एकेक रक्कम ज्याच्या त्याच्या नावावर जमा कर, मगच फोनला हात लाव. आणि क्यूआर उद्याच्या उद्या दुकानाच्या करंट खात्याचा कर.

जुन्या बाकीवर सही घे. उधारीच्या वसुलीला कायद्याने तीन वर्षं मिळतात, पण त्या तीन वर्षाच्या आत त्याने लेखी मान्य केलं की इतके देणं आहे, तर तिथून पुन्हा तीन वर्षं मोजतात. कोर्टात जायला म्हणून सांगत नाहीये, शेतकऱ्यावर दावा टाकावा अशी वेळ येऊ नये. पण पाडव्याला पेढा देऊन नव्या वहीत "एवढी बाकी मागची, बरोबर आहे ना" म्हणून सही घेण्यात कोणाला अपमान वाटत नाही, जुन्या लोकांची रीतच होती ती. जो सही करायला कां-कूं करतो त्याच्या बाकीचं काय होणार हेही त्या दिवशीच कळतं.

आणि जी येणारच नाही ती बुडीत म्हणून लिहून टाक. माणूस गेला, जमीन विकून गाव सोडलं, अशी नावं वर्षानुवर्षं ४१ लाखात ठेवून काय उपयोग. आयकरात ती रक्कम वजा मिळते पण वहीत खरोखर राइट ऑफ केली तरच, बुडेल म्हणून नुसती तरतूद ठेवली तर नाही. जीएसटीचं मात्र कडू आहे, बिल फाडलं की त्याचा कर पुढच्याच महिन्यात भरला, आणि उधारी बुडाली तरी सरकार तो परत देत नाही. औषधाच्या ११,८०० च्या उधारीत १,८०० कराचे आहेत, ते तुमच्या खिशातून गेले. म्हणून औषधाची उधारीही हात आखडूनच द्यायची.

खताचं गणित वेगळ्याच कारणाने बसत नाही. डीएपीची पिशवी १,३५० ची, त्यात समजा ५० सुटतात. ती सहा महिने उधारीवर राहिली, सीसीचं व्याज ११ टक्के, १,३०० वर सहा महिन्याचे ७१ रुपये. पिशवी विकून २१ रुपये घातले, हमाली वेगळी. आण्णांना हे सांग, पण सांगताना उधारी बंद करू असं म्हणू नको, असं म्हण की खत रोखीने आणि औषध-बियाणं उधारीने, किंवा निम्मे पैसे आत्ता निम्मे पिकावर. प्रत्येक नावाला एक मर्यादा, एकरावर लाव, आणि मागच्या हंगामाचं संपल्याशिवाय नवीन नाही. हा शेवटचा नियम लावायला आण्णांना जड जाईल, ते काउंटरला तू सांग, वाईटपणा तुझ्याकडं घे.

सीसी वाढवायचं तर आत्ता नावही काढू नका. तुम्ही बँकेला दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट देता, त्यावर बँक किती उचलू द्यायचं ते ठरवते. मार्जिन, म्हणजे बँक कर्जासाठी धरत नाही तो भाग, बँकेबँकेनुसार वेगळं असतं, समजा मालावर २५ टक्के आणि ९० दिवसाच्या आतल्या येण्यावर ४०. माल ३६, त्यातून कंपन्यांचं देणं २२ गेलं, राहिले १४, त्याचे ७५ टक्के म्हणजे साडेदहा. ९० दिवसाच्या आतली उधारी १५ लाख धरली तर त्याचे ६० टक्के म्हणजे ९. झाले साडेएकोणीस, आणि वापरलेत २५. माल खरा २९ असेल तर सव्वाचौदाच बसतात. म्हणजे बँकेला दिलेला आकडा ३६ पेक्षाही मोठा असणार. यात आण्णांचा हेतू वाईट नसेल, महिना काढायचा म्हणून लिहिलं असेल, पण बँकेने माणूस पाठवून माल मोजला तर कागद खोटा ठरतो, आणि खातं सलग ९० दिवस मर्यादेच्या वर दिसलं की एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. मोजणी झाली की खरा आकडा घेऊन तुम्ही दोघं मॅनेजरला भेटा आणि जादा उचललेल्या रकमेचं हप्त्याचं कर्ज करून मागा, बँका करतात असं. खोटा आकडा अजून मोठा करून ४० लाख मिळवलेत तर पुढच्या वर्षी याच पत्रात २५ च्या जागी ४० लिहिशील.

कंपन्यांच्या २२ लाखाची बिलं तारखेने लाव. ज्याला १८० दिवस होत आलेत ते आधी भर, कारण १८० दिवसात पैसे दिले नाहीत तर त्या बिलाचं घेतलेलं इनपुट क्रेडिट व्याजासकट उलटं भरावं लागतं, नंतर पैसे दिल्यावर क्रेडिट परत मिळतं पण व्याज गेलं ते गेलं. सोयाबीनची वसुली येईल ती पहिली तिकडं वळव, नवीन स्कीममधे नाही.

मोजणी झाली की मला तीनच आकडे पाठव: खरेदी किमतीने माल किती, त्यातला मुदत संपलेला किती, आणि तिसऱ्या-चौथ्या रकान्यातली उधारी किती. फोन केलास तरी चालेल, आण्णांना शेजारी बसवून कर.